नाडीचा आलेख आणि भिंतीतला समुद्र

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा टँक नव्याने लागला की पहिल्या आठवड्यातच मोबाइल बाहेर निघतो. फोटो मात्र मनासारखे येत नाहीत. निळ्या एलईडीमुळे सगळा टँक शाईत बुडवल्यासारखा दिसतो, मासा फिसकटतो आणि काचेत फोटो काढणाऱ्याचाच बनियन उमटतो. मग बाही वर सरकते आणि हात पाण्यात जातो. हा दगड जरा पुढे, ते प्रवाळ जरा वळवून. नव्या टँकमध्ये अजून काहीच स्थिरावलेले नसते. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करायला साधारण महिनाभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतात. त्या काळात पाण्यात गेलेला प्रत्येक हात हा टँकला एक धक्का असतो. हाताला काय होऊ शकते ते पुढे येईलच.

सजीवाचे चित्र हवे असेल तर सजीव हलवू नये, प्रकाश हलवावा. ही गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टरने समुद्राच्या पाण्याची पेटी घराच्या भिंतीत बसवून दाखवली होती. त्यांचे नाव एतियेन-ज्यूल मारे. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत ते नाडीच्या यंत्रासाठी भेटतात, सिनेमाच्या इतिहासात कॅमेऱ्यासाठी. या दोन्हींच्या मधला मत्स्यपेटीचा भाग फारसा कुणाला माहीत नसतो.

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधल्या बोन या गावी झाला. हे बर्गंडी प्रांतातले वाइनचे गाव. वडीलही वाइनच्याच व्यापारात नोकरीला. मुलाचा हात यंत्रात चाले. खेळणी बनव, चाके जोड, काही उघडून पुन्हा बसव, असा त्याचा उद्योग. त्याला इंजिनीअर व्हायचे होते, वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. आपल्याकडे बारावीनंतर घरोघर रंगणारा हा वाद १८४९च्या सुमारास बोनमध्येही रंगला आणि नेहमीप्रमाणे वडील जिंकले. मारे पॅरिसला वैद्यक शिकायला गेले आणि १८५९मध्ये डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय होता रक्ताभिसरण. पण इंजिनीअर काही आतून गेला नाही. हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे लवचीक नळ्या, झडपा म्हणजे झडपाच, अशा नजरेने ते शरीराकडे पाहत राहिले.

त्या काळी नाडी बोटांनी पाहत. अनुभवी वैद्याच्या बोटांना पुष्कळ कळते, याबद्दल शंका नाही. पण त्या बोटांना जे कळले ते दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि कालची नाडी आजच्या शेजारी ठेवून पाहता येत नाही. जर्मनीत कार्ल लुडविग यांनी १८४७मध्ये फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ उमटवली होती, पण त्यासाठी रक्तवाहिनी उघडावी लागे. नंतर फीरॉर्ट यांनी माणसाच्या मनगटावरून नाडी नोंदवणारे यंत्र केले. ते अवजड होते आणि त्याच्या वजनाखाली नाडीचा खरा आकार हरवत असे. मारे यांनी १८६०च्या सुमारास हलके यंत्र बनवले. मनगटावर बांधायचे, धमनीवर एक नाजूक स्प्रिंग टेकवायची, तिला लांब हलकी दांडी जोडायची आणि दांडीचे टोक काजळी धरलेल्या पट्टीवर टेकवायचे. पट्टी घड्याळाच्या चावीने सरकते आणि नाडी स्वतःच स्वतःचा आलेख काढते. या यंत्राला त्यांनी स्फिग्मोग्राफ म्हटले. अतिदक्षता विभागात मॉनिटरवर धावणारी धमनीदाबाची लाट ही त्याच रेघेची वंशज आहे.

याच सुमारास ऑगस्त शोव्हो या पशुवैद्यकाबरोबर त्यांनी घोड्याच्या हृदयात, मानेतल्या शिरेतून नळ्या सरकवल्या आणि हृदयाच्या कप्प्यांतला दाब एकाच वेळी नोंदवला. छातीवर जाणवणारा हृदयाचा ठोका नेमका कधी पडतो, यावर तेव्हा मोठा वाद होता. आलेखांनी तो मिटवला: जवनिका आकुंचन पावते त्याच वेळी ठोका पडतो. याच वाटेने पुढे १९२९मध्ये जर्मनीत फोर्समान यांनी स्वतःच्या हृदयापर्यंत नळी नेली आणि १९५६मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले. आज अँजिओग्राफीच्या टेबलावर झोपणाऱ्या रुग्णाला घोड्याची आठवण होण्याचे कारण नाही, पण त्याचे थोडे देणे त्या घोड्यांना लागते. मारे यांनी हात न लावता काम केले असे म्हणताना हा पूर्वार्ध झाकून ठेवू नये. सुरुवातीला त्यांनी प्राण्यांच्या शरीरात नळ्या आणि सुया घातल्या, बेडूक आणि कासवांवर प्रयोग केले. हात काढून घेण्याकडे ते हळूहळू आले, आणि तेही दयेपोटी कमी, अचूकतेपोटी जास्त. मोजणारी वस्तू जितकी जड, तितकी मोजणी खोटी, हे त्यांना फीरॉर्टच्या यंत्रापासूनच कळले होते.

पॅरिसमध्ये एका जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत त्यांनी स्वखर्चाने प्रयोगशाळा थाटली. यंत्रे, पक्षी, प्राणी आणि स्वतः मारे असा तिथे एकत्र संसार होता. १८६९मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. घोड्याच्या खुरांखाली रबरी फुगे बसवून त्यांनी चालीचे आलेख काढले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय काही क्षण जमिनीपासून सुटलेले असतात, हे १८७३च्या आपल्या पुस्तकात दाखवले. १८७८मध्ये अमेरिकेत मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून तेच फोटोत पकडले. ते फोटो पाहून मारे अस्वस्थ झाले. आयुष्यभर त्यांनी शरीराला दोऱ्या आणि नळ्या बांधल्या होत्या. प्रकाशाला तर काहीच बांधावे लागत नव्हते.

मारे हिवाळ्यात नेपल्सला राहत. शहराबाहेर पोझिलिपोच्या टेकडीवर त्यांचे घर होते, खाली आखात आणि समोर व्हेसुव्हियस. १८८२मध्ये तिथेच त्यांनी बंदुकीसारखा कॅमेरा वापरायला घेतला. दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. आतली गोल काच फिरून सेकंदाला १२ फोटो निघत आणि प्रत्येक फोटोला सेकंदाचा ७२०वा भाग इतकाच उजेड मिळे. पक्ष्यांवर नेम धरून कधीच पक्षी न पाडणारा हा फ्रेंच माणूस गावकऱ्यांना खुळा वाटे, असे सांगतात.

त्याच वर्षी पॅरिसच्या बुआ द बुलोन्य या उद्यानात त्यांचे शरीरक्रिया केंद्र सुरू झाले. जॉर्ज देमनी हे तिथले सहायक. काळ्या मखमली खोलीपुढून पांढऱ्या कपड्यांतला माणूस पळायचा आणि चकत्या फिरणाऱ्या कॅमेऱ्यात एकाच काचेवर त्याच्या अनेक प्रतिमा उमटायच्या. प्रतिमा एकमेकींवर चढू लागल्या तेव्हा त्यांनी माणसालाच काळा पोशाख चढवला आणि हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. मग फक्त हालचालीच्या रेघा उरल्या. चित्रपटात आज अंगावर ठिपके लावून नटाची हालचाल टिपतात, त्याचे मूळ हे.

माणसाला पळायला सांगता येते. जेलीफिशला सांगता येत नाही. ती आपल्या जागीच उघडमीट करते, म्हणजे एका काचेवर सगळ्या प्रतिमा एकमेकींवर पडणार. म्हणून मारे यांनी काच सोडली आणि सरकणारी पट्टी घेतली. १८८८मध्ये कागदाची, पुढे सेल्युलॉइडची. या पट्टीसाठी त्यांना हवे होते पाण्यातले प्राणी, आणि ते नेपल्सच्या दारात होते.

त्यांनी केलेली मांडणी आजच्या टँकवाल्याने नीट पाहावी. घराच्या भिंतीत खिडकीसारखी जागा घेऊन तिथे समुद्राच्या पाण्याची पेटी बसवली. पेटीच्या समोरच्या आणि मागच्या दोन्ही बाजू काचेच्या. मागची काच घराबाहेर, आकाशाकडे; पुढची आत, अंधाऱ्या खोलीकडे. आकाशाचा उजेड मागून येई आणि पेटीतला प्राणी उजळ पार्श्वभूमीवर काळा, रेखीव दिसे. हालचालीचा बाह्याकार पाहायला हे उत्तम. पण अंगावरचे तपशील हवे असले की बाहेरची काच झाकायची, फक्त पाण्याच्या वरून उजेड आत येऊ द्यायचा, लागलाच तर आरशाने सूर्यप्रकाश वरून खाली टाकायचा. मग तोच प्राणी काळ्या पाण्यात उजळून निघे. प्राण्याला हलवायचे नाही, पेटी हलवायची नाही. कॅमेरा खोलीत आणि खोली अंधारी, त्यामुळे पुढच्या काचेत कुणाचे प्रतिबिंब पडायचा प्रश्नच नव्हता.

आज बदलापुरात यातले काय करता येईल? जवळजवळ सगळे. खोलीतले दिवे आणि टीव्ही बंद करावेत, पडदे ओढावेत. कॅमेरा काचेला समांतर आणि शक्य तितका चिकटवून धरावा. तिरपा धरला की काच आणि पाणी यांतून प्रकाश वाकतो आणि चित्र पसरते. फ्लॅश वापरू नये. टँकच्या दिव्यांतला पांढरा भाग वाढवून निळा कमी करावा, किंवा मोबाइलच्या लेन्सपुढे नारिंगी फिल्टर धरावा. लाटा करणारा पंप दोन-चार मिनिटे थांबवला की प्रवाळांचे हलणारे हात स्थिर होतात. मात्र पंप पुन्हा सुरू करायला विसरू नये, कारण पाण्यातला प्राणवायू त्या हालचालीवर अवलंबून असतो. माशासाठी शटर जलद हवे. आणि दर आठवड्याला एक फोटो त्याच जागेवरून, त्याच वेळी, त्याच उजेडात काढावा. छातीचा एक्स-रे दोन वेळा वेगवेगळ्या पद्धतीने काढला तर तुलना करता येत नाही, तसेच हे. असे सहा-आठ फोटो ओळीने ठेवले की वाळूवर आलेला तपकिरी थर, मग तो विरळ होत जाणे, हिरवे शेवाळ, पुढे दगडांवर जांभळट डाग, हे सगळे टप्पे डोळ्यांना दिसतात. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. तपकिरी थर पाहून घाबरून सगळा टँक धुऊन काढणारे जास्त नुकसान करतात. तो बहुतेकदा डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि नव्या टँकमध्ये येऊन जातो.

मारे यांच्या पेटीतून काय काय गेले ते पाहण्यासारखे आहे. जेलीफिशची छत्री मिटताना पाणी कसे मागे फेकले जाते, ते दिसले. पाकटाचे पंख पक्ष्यासारखे फडफडत नाहीत, त्यांच्या कडेवरून लाट पुढून मागे जाते. समुद्रघोडा डोळ्यांना उभ्याने तरंगणारा वाटतो. पट्टीवर दिसले की पाठीवरच्या इवल्याशा परातून लहर धावत असते आणि तीच त्याला ढकलते. पिसांसारखे हात असलेला कोमॅट्युला, उलटा पडून सुलटा होणारा तारामासा. तारामासा फार सावकाश हलतो, म्हणून त्याच्यासाठी दोन फोटोंमधले अंतर वाढवायचे. पक्ष्याच्या पंखासाठी कमी करायचे. काळ ताणता येतो आणि आवळताही येतो, हे त्यांना स्पष्ट समजले होते. प्रवाळाची वाढ पाहायची तर हीच आवळण्याची युक्ती लागते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना रोज थोडे थोडे चित्रित करून मिनिटभरात वाढवून दाखवले, तेही याच तत्त्वावर.

(समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून ते गोळा करणे किंवा तसे गोळा केलेले विकत घेणे गुन्हा आहे, हे दुकानदार सांगतोच असे नाही.)

प्राण्यांनंतर मारे पाण्याकडेच वळले. काचेच्या भिंतींचा पाट करून त्यात मेण आणि राळ यांचे चंदेरी मुलामा दिलेले मणी सोडले. मणी पाण्याइतकेच जड, त्यामुळे ते ना बुडत ना तरंगत; पाणी जाईल तिकडे जात. फोटोत त्यांच्या चमकत्या रेघा म्हणजे प्रवाहाचा नकाशा. वाटेत अडथळा ठेवला की त्याच्यामागे भोवरा कसा पडतो, ते त्यात दिसे. टँकमध्ये दगडांच्या मागे घाण नेमकी कुठे साचते, याचे उत्तर त्याच भोवऱ्यांत आहे.

पाण्याशी त्यांचे आणखी एक नाते होते. १८८४मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये आणि पुढे नेपल्समध्ये कॉलऱ्याने थैमान घातले. कॉख यांनी त्याच वर्षी कलकत्त्यात जंतू ओळखला होता, तरी दूषित हवेला दोष देणारे पुष्कळ होते. मारे यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले: साथ पाण्याच्या वाटेने जाते. वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता हाताविषयी. टँकमध्ये मिळणाऱ्या बटणासारख्या झोअँथिड प्रवाळांपैकी काहींत, विशेषतः पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असू शकते. फोटोसाठी दगड स्वच्छ दिसावा म्हणून तो घासताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते. हाताला कापलेले असेल तर विष तिथून आत जाते. सर्वांत वाईट म्हणजे असा दगड गरम पाण्याने धुणे किंवा उकळणे. वाफेबरोबर विष हवेत येते आणि घरातल्या सगळ्यांनाच ताप, खोकला, धाप, अंगदुखी, तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव असा त्रास होतो. असे झाले तर सगळ्यांनी खोलीबाहेर पडावे, खिडक्या उघडाव्यात, डोळ्यात गेले असेल तर भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट मंदगतीची आहे. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद पाण्यात राहतो. कापलेल्या बोटातून तो शिरला की काही आठवड्यांनी एक न दुखणारी गाठ येते, ती फुटते, कधी कधी दंडाकडे ओळीने आणखी गाठी येतात. साध्या मलमाने ती बरी होत नाही, औषध काही महिने घ्यावे लागते, आणि तपासणीत क्षयासारखे जंतू दिसल्याने निदान चुकण्याचीही शक्यता असते. त्वचारोगतज्ज्ञाला घरी टँक आहे एवढे एक वाक्य सांगितले तरी त्याचे अर्धे काम होते. कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, कापलेला हात पाण्यात नाही आणि हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात नाही, एवढे पुरते.

मारे यांची शेवटची दहा वर्षे थोडी कडवट गेली. देमनी यांना या चलच्चित्रांचा धंदा करायचा होता, मारे यांना त्यात रस नव्हता. १८९४मध्ये दोघे वेगळे झाले. पुढच्याच वर्षी २८ डिसेंबरला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन सिनेमा दाखवला आणि ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला. मारे यांना पडद्यावर नाचणारी चित्रे फारशी कामाची वाटत नव्हती. डोळ्याला जे एरवीही दिसते तेच पुन्हा दाखवून काय साधणार, असा त्यांचा हिशेब. त्यांना हवे होते ते डोळ्याला न दिसणारे. हा हिशेब व्यवहारात चुकला हे उघड आहे. शास्त्रात मात्र तो बरोबर होता: हृदयाच्या झडपा, शुक्रजंतूंची गती, पार्किन्सनच्या रुग्णाची चाल, या सगळ्यांचे चित्रण आज मनोरंजनासाठी होत नाही.

१८९४मध्येच त्यांनी उंचावरून पडणाऱ्या मांजराची चित्रे दाखवून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत खळबळ उडवली. हवेत कशाचाही आधार नसताना मांजर वळते कसे, हे गणितज्ञांना पटेना. चित्रात दिसले की ते पाय आखडून शरीराचा पुढचा भाग आधी वळवते आणि मागचा नंतर. १९०१च्या सुमारास ते धुराच्या समांतर रेघा सोडून हवेचा प्रवाह टिपत होते. निरनिराळ्या देशांतल्या यंत्रांचे आलेख एकमेकांशी जुळावेत म्हणून त्यांनी बुलोन्यला संस्था उभी केली, तिला त्यांचेच नाव मिळाले. १५ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. उद्यानातल्या त्या परिसरात आज रोलाँ गारोसची टेनिसची मैदाने आहेत.

पोझिलिपोच्या भिंतीतली ती पेटी त्यांनी १८९४च्या आपल्या हालचालीवरच्या ग्रंथात आकृतीसह दिली आहे. आकृती साधी आहे: भिंत, पाणी, दोन काचा, बाहेर आकाश आणि आत कॅमेरा.